भाड्याच्या घराचे गणित

धामणगावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हे उपपद का लागले, हे येथील मुलास सांगावे लागत नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि वाटेवरील या स्थानकाचे दिवस पालटले. यवतमाळकडील कापूस सुमारे ४५ किलोमीटरांची वाट बैलगाड्यांनी चालून येथे येऊ लागला. त्यामागून सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले, अडत्यांच्या पेढ्या आल्या, वखारी आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ परगावची माणसे आली. परगावचा मनुष्य आला की त्यास राहावयास जागा लागते, आणि गावकऱ्याजवळ एखादी खोली अधिक असली की ती भाड्याने जाते. रेल्वेचे नोकर, शिक्षक, बँकेतील कारकून, दुकानांतील गुमास्ते, महाविद्यालयात शिकावयास येणारी खेड्यांतील मुले असा भाडेकरूंचा वर्ग आजही येथे आहे. त्यामुळे हाती काही रक्कम शिल्लक पडली की ‘एक घर घेऊन भाड्याने द्यावे’ ही गोष्ट येथील पुष्कळ घरांत निघते.

विचार वाईट नाही. मात्र त्याचा हिशेब बहुधा तोंडीच होतो. महिना ६,००० रुपये भाडे येईल, वर्षाचे ७२,००० झाले. घराची किंमत १८,००,००० रुपये. म्हणजे शेकडा ४ सुटले. एवढे बोलणे चहा संपण्याच्या आत आटोपते आणि इसाराची रक्कम दिली जाते. ज्या पैशाने हे घर घ्यावयाचे तो बहुधा निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचा किंवा रेल्वे-नोकराचा भविष्यनिर्वाह निधी असतो. तो आयुष्यात एकदाच हाती येतो. त्याच्या भाड्यावर धाकट्या मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची असा बेत असेल, तर शेकडा ४ सुटणार की २ सुटणार, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलीचे शिक्षण अवलंबून राहते. म्हणून हे गणित आम्ही येथे कागदावर मांडून दाखवितो. विद्यार्थ्यांनी पेन्सिल घेऊन आमच्याबरोबर चालावे. त्यांस येणाऱ्या शेकडेवारीपलीकडचे यात काही नाही. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. पालकांनी त्यांच्या जागी आपल्या व्यवहारातील आकडे घालावे.

प्रथम घराची खरी किंमत पाहू. विकणारा १८,००,००० रुपये मागतो, परंतु घेणाऱ्याच्या पदरचे तेवढेच जात नाहीत. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून शेकडा ७ धरल्यास १,२६,००० रुपये झाले. हा दर ठिकाणाप्रमाणे व वर्षाप्रमाणे बदलतो, म्हणून तो दुय्यम निबंधकांच्या कचेरीत विचारूनच लिहावा. (घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात शेकडा १ सूट देण्याची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून झाली, ही गोष्ट पुष्कळांच्या कानी पोहोचलेली दिसत नाही.) वकिलाकडून मालकीचा शोध, दस्तलेखन, फेरफार यांस १४,००० रुपये धरू. शोधाचे पैसे वाचविणाऱ्याने दुसरीकडे कोठेही काटकसर करावी, येथे करू नये; विशेषतः आपल्या विदर्भातील गावांत जागा नझूलची आहे की काय, पट्ट्याची मुदत केव्हा संपते आणि अटी कोणत्या, हे घर पाहण्याच्या आधी पाहिले पाहिजे. शेवटी रंग, विजेच्या तारा, पाण्याची मोटर आणि संडासाची दुरुस्ती यांसाठी ६०,००० रुपये. एकूण २०,००,००० रुपये झाले. पुढील प्रत्येक भागाकार या रकमेने करावयाचा आहे, १८,००,००० ने नव्हे.

आता उत्पन्नाकडे वळू. वर्षाचे महिने १२ खरे, पण भाड्याचे महिने १२ असतात असे नाही. नोकरांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात आणि शाळा जूनमध्ये उघडतात. भाडेकरूने दिवाळीनंतर घर सोडले तर पुढचा चांगला भाडेकरू कित्येकदा जूनपर्यंत मिळत नाही. घर रिकामे असते तेव्हा भाडे थांबते. कर थांबत नाही, कर्जाचे व्याज थांबत नाही आणि वाळवी तर मुळीच थांबत नाही. सरासरीने एक भाडेकरू २ वर्षे राहतो व पुढे २ महिने घर रिकामे पडते असे धरले, तर दर वर्षी सुमारे १ महिना गेला. ७२,००० चे ६६,००० झाले.

शिवाय सर्वच वर्षे सरासरीची नसतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस खाल्ला. शेतकऱ्याची बोंडे पोकळ निघाली की बाजारातील दुकानदाराची उधारी बुडते, आणि दुकानदाराची उधारी बुडाली की गाळ्याचे भाडे थकते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा विद्यार्थी खोल्या सोडून आपापल्या गावी गेले. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण खात्याने घरमालकांस भाडेवसुली निदान ३ महिने पुढे ढकलावी असे सांगितले. ते योग्यच होते. परंतु केवळ भाड्यावर ज्यांची चूल पेटत होती, त्यांस आधीची काही शिल्लक नसती तर ते ३ महिने फार कठीण गेले असते. निदान ६ महिन्यांचे भाडे बँकेत निराळे ठेवल्याखेरीज या उद्योगात पडू नये, असे आमचे मत आहे.

दुरुस्तीचे कलम सर्वांत अधिक फसवे, कारण ते दर वर्षी सारखे येत नाही. चार वर्षे काही लागत नाही आणि पाचव्या वर्षी एकदम मोठी रक्कम लागते. आपल्याकडे यास एक विशेष कारण आहे. वऱ्हाडची काळी जमीन कापसास जितकी मानवते तितकी भिंतींस मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते व तीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचे घर उभे केले म्हणजे जमिनीबरोबर तेही वरखाली होते, आणि दाराच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी चीर निघते. जाणता गवंडी म्हणूनच काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत पाया नेतो. जुने घर घेणाऱ्याने रंगाकडे पाहू नये, चिरांकडे पाहावे; आणि जमल्यास घर एकदा ज्येष्ठात व एकदा श्रावणात पाहावे. ज्येष्ठात चीर दिसते आणि श्रावणात गळती दिसते. कवेलूंचे छप्पर असल्यास दर साल पावसापूर्वी कवेलू फेरण्याची मजुरी ठरलेलीच आहे, आणि फेरणारा माणूस मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. स्लॅबचे घर या त्रासातून सुटते असा समज आहे. ते सुटते काही वर्षे. पुढे एकदा पाणी आत शिरून सळई गंजू लागली की त्याचा खर्च कवेलूंच्या कित्येक वर्षांच्या मजुरीहून अधिक होतो.

मग दर वर्षी किती धरावे? या बाबतीत कर आकारणारांचा अनुभव उपयोगी पडतो. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात घराचे करयोग्य मूल्य ठरविताना वार्षिक भाड्यातून दशांश रक्कम दुरुस्ती आदींकरिता वजा करतात. हिंदुस्थानच्या १९२२ च्या आयकर कायद्याने दुरुस्तीकरिता एकषष्ठांश सोडला होता. शिवाय विम्याचा हप्ता, गहाणाचे व्याज, भाडेवसुलीचा खर्च आणि घर रिकामे राहिलेल्या काळाचे भाडे ही कलमे निराळी मोजली होती. २००१ मध्ये आयकर कायद्यात बदल होऊन, पालिकेस प्रत्यक्ष भरलेला कर वजा जाता जे उरेल त्याचे शेकडा ३० सरसकट वजा करण्याची रीत आली. सरकार कर गोळा करण्यास बसलेले असते, सवलती वाटण्यास नव्हे; तेही ज्या खर्चाचे अस्तित्व मान्य करते तो घरमालकाने आपल्या हिशेबात शून्य धरावा, हे आश्चर्य आहे. आम्ही मधला मार्ग म्हणून एकषष्ठांश धरतो, म्हणजे ७२,००० वर १२,००० रुपये. नगर परिषदेचा कर ४,००० आणि विमा, करारनाम्याची नोंदणी इत्यादी २,००० धरू. एकूण १८,००० झाले.

६६,००० वजा १८,०००, म्हणजे ४८,००० रुपये उरले. २०,००,००० वर ते शेकडा २.४ होतात. तोंडी हिशेबातील शेकडा ४ येथवर उतरले, आणि यात कोणताही अपघात धरलेला नाही.

हिशेबाचा काटेकोरपणा आवडणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही आणखी एक पायरी उतरण्यास सांगू. १८,००,००० पैकी ८,००,००० जागेचे व १०,००,००० इमारतीचे समजा. जागा झिजत नाही, इमारत झिजते. ती ५० वर्षे टिकेल असे धरल्यास दर वर्षी २०,००० रुपयांची इमारत आपण खात आहोत. हा घसारा वजा केला तर २८,००० रुपये, म्हणजे शेकडा १.४ राहतात. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०२४ मध्ये पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचा वार्षिक दर शेकडा ७.४ होता आणि संयुक्त खात्यास १५,००,००० रुपयांची मर्यादा होती. तेवढ्या रकमेवर दरमहा ९,२५० रुपये मिळत. येथे घराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पोस्टातील १५,००,००० मुदतीनंतर १५,००,०००च परत येतात आणि तोवर बाजारातील डाळ-तांदूळ महाग झालेले असतात. घराचे भाडे वाढते, आणि स्थानकाजवळची किंवा मोठ्या रस्त्यावरची जागा तर पुष्कळच वाढू शकते. ही वाढ जमेस धरावी, पण निराळ्या कागदावर. घर विकले जाईपर्यंत तिच्यातून मुलीची फी भरता येत नाही.

कर्ज काढून घर घेणाऱ्याचे गणित याहून लवकर संपते. १०,००,००० रुपये शेकडा ९ दराने २० वर्षांच्या हप्त्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता जवळजवळ ९,००० रुपये येतो, वर्षाचे १,०८,०००. घरातून सुटतात ४८,०००. उरलेले ६०,००० रुपये, म्हणजे महिन्यास ५,०००, पगारातून घालावे लागतात. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असे कोणी सांगू लागल्यास त्यास ही वजाबाकी दाखवावी.

येथे घरमालक म्हणतो, ‘खर्च जास्त झाला तर भाडे जास्त लावू.’ सर्वांत महागडी समजूत हीच होय. ती किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण मुंबईत आहे, आणि त्यात कापसाचाही पैसा गुंतलेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची अतोनात टंचाई झाली. १९१८ मध्ये भाडे-नियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० मध्ये विकास खाते काढले आणि गिरणी कामगारांकरिता ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. पैसा कर्जाने उभारला आणि भाड्यात येणारी तूट भरून काढण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया जकात बसविली. वऱ्हाडातून मुंबईस गेलेल्या गाठींवरही ती बसली असलीच पाहिजे. युद्धोत्तर महागाईचा काळ; सिमेंट, लोखंड, मजुरी सर्वच चढलेले. वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाइल रोड येथे ३२ आणि शिवडी येथे १२ अशा २०७ चाळी झाल्या. प्रत्येकीत सुमारे ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गुणाकार करून पाहिल्यास खोल्या संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्याच भरतात. एवढे करूनही बांधकामाच्या खर्चास पुरेसे भाडे कामगारास परवडेना. ते उतरविले, तूट जकातीवर टाकली, तरी वरळीच्या कित्येक चाळी वर्षानुवर्षे ओस पडल्या. गिरण्या दूर, बाजार जवळ नाही; कामगार आपल्या जुन्या, दाटीच्या पण गिरणीजवळच्या खोलीतून हलेना. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. भाडेकरूंकरिता बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही राहिले, आणि कैद्याकडून भाडे घेता येत नाही. मुंबईची वस्ती वाढल्यावर त्याच चाळी भरून वाहू लागल्या, ही गोष्ट निराळी. शंभर वर्षे त्यांनी हजारो कुटुंबांस आसरा दिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांस मिळाल्या. भाडेकरू येईपर्यंत इतकी वर्षे वाट पाहण्याचे सामर्थ्य सरकारजवळ असते. निवृत्त शिक्षकाजवळ ते नसते.

भाडे मालकाच्या खर्चावरून ठरत नाही, ते भाडेकरूच्या पगारावरून ठरते. धामणगावातील घरात गुळगुळीत महाग फरशी बसविली म्हणून शाळेतील मास्तरांचा पगार वाढत नाही. पाण्याची सोय, स्वतंत्र संडास, स्थानक व शाळा पायी जाण्याइतकी जवळ असणे, यांसाठी भाडेकरू आनंदाने शे-पाचशे रुपये अधिक देतो. म्हणून गणित उलट्या बाजूने करावे. त्या गल्लीत प्रत्यक्ष राहणाऱ्या चार-पाच भाडेकरूंस ते काय देतात ते विचारावे. मालकांस विचारू नये, मालक मागणी सांगतात. त्या भाड्यातून वर दाखविल्याप्रमाणे खर्च वजा करावा, आणि जे निव्वळ उरेल त्यावरून घराची किंमत काढावी. आपल्या उदाहरणात निव्वळ ४८,००० आहेत. शेकडा ६ हवे असतील तर सर्व खर्चासह घर ८,००,००० रुपयांस पडले पाहिजे. शेकडा ४ वर समाधान असेल तर १२,००,००० रुपयांस. २०,००,००० रुपये देणारा निव्वळ भाड्याच्या ४१ वर्षे ८ महिन्यांची रक्कम आगाऊ देत आहे. त्याने आपण भाड्यासाठी नव्हे, जागेच्या भाववाढीसाठी पैसा घालीत आहो, हे मनाशी स्पष्ट ठेवावे आणि मग खुशाल घालावा.

कायद्याविषयी थोडक्यात. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे-नियंत्रण आदेश दीर्घकाळ चालू होता; त्याखाली नियंत्रकाच्या परवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याने मालकास भाड्यात दर साल शेकडा ४ वाढ करण्याचा हक्क दिला. ६,००० रुपयांचे भाडे याप्रमाणे १० वर्षांनी सुमारे ८,८८० होते. विद्यार्थ्यांनी चक्रवाढीच्या रीतीने ताळा पाहावा. घर चांगल्या स्थितीत ठेवणे त्याच कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि पाणी वा वीज तोडून भाडेकरूस हैराण करण्यास मनाई आहे. करारनामा लेखी व नोंदलेला असणे आवश्यक असून ती नोंदणी करविणे मालकाच्या शिरावर आहे. ती नसल्यास, तंटा उपस्थित झाला असता, उलट पुरावा येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. ओळखीचा माणूस आहे, लिहून कशाला घ्यावयाचे, असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

सुट्टीत सोडविण्यास एक उदाहरण देतो. कापूस बाजाराजवळचा एक गाळा ११,५०,००० रुपयांस मिळतो. मुद्रांक व नोंदणी शेकडा ७, इतर खर्च १९,५०० रुपये. हंगामाच्या ६ महिन्यांत भाडे दरमहा ९,००० व उरलेल्या ६ महिन्यांत ३,००० रुपये. दुरुस्तीकरिता वार्षिक भाड्याचा एकषष्ठांश आणि कर व किरकोळ खर्च ४,६०० रुपये धरा. दर ५ वर्षांत एकदा पीक बुडून हंगामाचे निम्मे भाडे बुडते. निव्वळ उत्पन्न शेकडा किती पडेल? आणि शेकडा ५ हवे असल्यास सर्व खर्चासह गाळा किती रुपयांस पडला पाहिजे?